साडेतीनशेच्या फोम टिप्स आणि परत मिळालेला खर्ज

ठाण्यात गोखले रोडच्या एका गल्लीत मोबाइल अॅक्सेसरीजचं छोटंसं दुकान आहे, तिथनं मी साडेतीनशे रुपयांना फोमच्या इअरटिप्सच्या तीन जोड्या घेतल्या त्याला आता चार महिने होतील. रोज वापरतेय, दोन जोड्या संपल्या, तिसरी चालू आहे, म्हणून आता लिहायला बसले. इअरटिप म्हणजे इन-इअर इअरफोनच्या टोकाला जी छोटी रबरी टोपी असते ती. एवढ्याशा गोष्टीवर एवढं काय लिहायचं असं वाटेल, पण ह्या टोपीपायी मी वर्षभरात दोन इअरफोन घेतले, साडेआठ हजार घातले, आणि आवाज सुधारला तो शेवटी साडेतीनशेत. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून सगळं नीट सांगते.

मी राहते चरईत, ऑफिस वाशीला. म्हणजे रोज ट्रान्स हार्बरची ठाणे-वाशी लोकल, जाऊन येऊन तासभर गाडीत. आणि आठवड्यातनं दोनदा घंटाळीजवळ गाण्याच्या क्लासला जाते, शास्त्रीय, सहावं वर्ष चालू आहे. त्यामुळे गाडीत माझं ऐकणं म्हणजे एकतर कुठल्यातरी रागाचं जुनं रेकॉर्डिंग, नाहीतर नुसता तानपुरा लावायचा, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात पलटे, म्हणजे सुरांचे ठरावीक क्रम, घोकायचे. ह्यासाठी गेल्या वर्षी अडीच हजारांचे वायरवाले इअरफोन घेतले, कानाच्या मागून वायर जाते तसले, ज्यांना लोक आयईएम म्हणतात. खूप कौतुक ऐकलं होतं. कानात घातले आणि हिरमोड झाला. तानपुरा पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा, डग्ग्याला, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या डाव्या वाद्याला, घुमारा नाहीच, नुसती टकटक. म्हटलं इअरफोनच सुमार आहेत. मग सहा हजारांचे ब्लूटूथ बड्स घेतले, तिथेही तेच. इक्वलायझरमध्ये, म्हणजे खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये, जाऊन बेस पार वर नेला तर आवाज फाटायला लागला पण घुमारा काही आला नाही. दोन्ही कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये कारण दोष त्यांचा नव्हताच, ते पुढे कळेल.

कळलं ते असं. एका रविवारी दुपारी उजव्या कुशीवर आडवी झाले होते, कानात तेच वायरवाले इअरफोन, तानपुरा चालू. उशीने उजव्या कानातला इअरफोन जरासा आत दाबला गेला आणि अचानक कानात तानपुरा भरला, अगदी भरलाच, शेवटची जाड तार छातीपर्यंत उतरल्यासारखी वाजली. मी दचकून उठून बसले तर गेला. परत बोटाने हलकेच दाबलं, आला. सोडलं, गेला. पाच-सहा वेळा दाबून सोडून बघितलं आणि मला खरंच रडू यायचं बाकी राहिलं, कारण एवढे महिने हा सूर इअरफोनमध्ये होताच, फक्त माझ्या कानापर्यंत पोचत नव्हता.

ह्याचं कारण समजून घेतलं ते सांगते, कारण ते समजलं की दुकानदार काय विकतोय ते आपलं आपल्याला कळतं. इअरफोनच्या आत एक पातळ पडदा असतो, तो पुढेमागे हलतो आणि कानातली हवा दाबतो, सोडतो. कानाचा मार्ग साधारण अडीच सेंटिमीटरचा, म्हणजे आत हवा चमचाभरसुद्धा नसते, आणि एवढ्याशा बंद हवेवर त्या छोट्या पडद्याचा जोर छान चालतो. पण टोपी आणि कान ह्यांच्यामध्ये फट राहिली की सायकलच्या पंपाचं वॉशर गेल्यावर होतं तसं होतं बघा, हळू दाबलं तर हवा बाजूनेच निसटते, झटका दिला तर थोडी तरी पुढे जाते. खालचा सूर म्हणजे सावकाश दाब आणि वरचा सूर म्हणजे भराभर झटके, त्यामुळे फट असली की नेमके खालचे सूर पळून जातात आणि वरचे तसेच्या तसे राहतात. म्हणून तो पत्र्याचा आवाज.

माझी पट्टी, म्हणजे मी ज्या सुराला सा धरून गाते तो, काळी चार, पेटीवरची चौथी काळी. तिचा मधला सा साधारण २०८ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे त्या जाड तारेचा खालचा सा, त्याच्या निम्म्यावर, १०४ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे फटीतनं पळून जाणाऱ्या सुरांमध्ये हा बरोबर सापडतो. आणि गंमत म्हणजे हे आपल्या लगेच लक्षात येत नाही, कारण खर्जाच्या तारेतनं जे वरचे स्वर निघतात ते ऐकू येत असतात आणि त्यावरनं आपला मेंदू खालचा सूर स्वतःच भरून घेतो. तानपुरा लागलाय एवढं कळतं, फक्त त्यात जीव नसतो. गाण्याच्या बाई क्लासमध्ये मला दोन-तीनदा म्हणाल्या होत्या, "अगं तुझा सा टेकत का नाहीये, वरच्यावर राहतोय," तेव्हा मला कळायचं नाही असं का होतंय. सगळं खापर इअरफोनवर फोडत नाही, पण रोजचा तासभर मी बिनखर्जाचा तानपुरा ऐकत होते हे खरं.

आता माझ्या कानांचं. डब्यात स्मॉल, मिडियम, लार्ज अशा तीन जोड्या येतात आणि इअरफोनला आधीच लावलेली असते बहुतेक मिडियम, बहुतेक जण आयुष्यभर तीच वापरतात. माझ्या डाव्या कानात स्मॉल बसते, उजव्यात स्मॉलसुद्धा मोठी पडते, त्यामुळे ती आत न जाता तोंडाशीच टेकून राहते आणि खालून फट. दोन्ही कान सारखे नसतात, त्यात नवल काही नाही, बऱ्याच जणांचं असं असतं. मोठ्या कंपन्यांनाही हे कळलेलं दिसतं, अॅपलने एअरपॉड्स प्रोच्या दुसऱ्या पिढीत एक्स्ट्रा स्मॉल टिप दिली, आणि फोनच्या सेटिंगमध्ये टिप नीट बसली की नाही ते तपासायची टेस्टसुद्धा आहे, थोडा वेळ गाणं वाजवून आतला माइक सांगतो की सील बसलंय का. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी ती टेस्ट आजच करून बघा. माझ्याकडे नाहीत, मी बोटाने दाबायची टेस्ट करते. खर्जाचा तानपुरा किंवा डग्गा लावायचा, इअरफोन हलकेच आत दाबायचा, दाबल्यावर आवाज भरदार झाला तर तुमची टिप गळतेय. दाबूनही फरक पडला नाही तर ती बरोबर आहे.

मग फोमच्या टिप्स घ्यायचं ठरवलं, कारण त्या दाबून बारीक करता येतात आणि कानात गेल्यावर फुगून फट भरतात. पहिलं पाकीट मी ऑनलाइन मागवलं आणि तिथे चुकले, कारण बाहेरचा साईज बघितला पण आतलं भोक बघितलंच नाही. इअरफोनला पुढे जी छोटी नळी असते, नोझल, तिची जाडी प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. टिपचं भोक नोझलपेक्षा मोठं असेल तर टिप सैल बसते. माझी तशीच होती. घणसोली गेलं आणि मी इअरफोन काढला तर टिप कानातच राहिली, फोम असल्यामुळे आत जाऊन फुगलेली, बोटाला लागेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हेअरपिन देऊ का?" मी नको म्हटलं आणि बरं झालं नको म्हटलं. संध्याकाळी नौपाड्यातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी चिमट्याने अर्ध्या मिनिटात काढली आणि मला सांगितलं की असं झालं तर घरी काहीही घालून कोरायचं नाही, अजून आत ढकललं जातं. फोम घेणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवा. टिप नोझलवर चढवल्यावर ओढून बघायची, सहज निघत असेल तर ती कानात घालायचीच नाही.

त्यानंतर ते गोखले रोडचं दुकान. मी सरळ म्हटलं फोमच्या टिप्स द्या स्मॉल, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, इअरफोन आणलाय का? नुसता साईज सांगून नाही चालायचं, नोझल बघू दे." मी पर्समधनं काढून दिला, त्याने त्याच्याकडची एक सुटी टिप नोझलवर चढवली, ओढली, काढली, दुसरी चढवली, परत ओढली, असं तीन वेळा केलं आणि मग पाकीट काढून दिलं. म्हणाला, "ही घट्ट बसते, पण चढवताना पिळून नका चढवू, फाटते, नीट सरळ दाबा." साडेतीनशेच्या गिऱ्हाइकासाठी त्याने दहा मिनिटं दिली, संध्याकाळच्या गर्दीत. दुकानाला माझ्याकडनं पाचपैकी पाच, ते ह्या दहा मिनिटांसाठी.

फोम घालायची पद्धत आहे, ती जमली नाही तर पैसे वाया गेल्यासारखेच. कारखान्यात कामगार कानात पिवळे इअरप्लग घालतात ना, तोच प्रकार. दोन बोटांत टिप धरून गोल गोल फिरवत बारीक करायची, उदबत्तीएवढी नाही पण पेन्सिलीपेक्षा बारीक. मग दुसरा हात डोक्यावरनं घेऊन कान जरा वर आणि मागे ओढायचा, त्याने कानाचा वाकडा मार्ग सरळ होतो, आणि टिप आत सरकवून वीसेक सेकंद तशीच धरून ठेवायची. धरून ठेवणं महत्त्वाचं. मी पहिले दोन दिवस लगेच सोडत होते तर ती फुगताना स्वतःलाच बाहेर ढकलायची. धरून ठेवली की आतनं हळूहळू फुगत जाते आणि तुम्हाला ऐकूच येतं ते, बाहेरचा आवाज एकेक पायरी खाली उतरतो, आधी पंखा जातो, मग रस्त्यावरची रिक्षा, मग शेजारचा टीव्ही अर्धा होतो.

पहिल्यांदा नीट बसली त्या दिवशी मी आमच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून तानपुरा लावला. प, सा, सा, आणि चौथी तार. ती चौथी तार वाजली आणि मी परत मागे नेली, परत ऐकली. मग रेकॉर्डिंग लावलं तर डग्ग्यावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग घासून जी मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, काढतात ती सुरुवातीपासनं शेवटापर्यंत ऐकू आली, आधी तिथे नुसता एक ठिपका ऐकू यायचा. तेच अडीच हजारांचे इअरफोन, तोच फोन, तेच रेकॉर्डिंग. नवऱ्याला बोलावून त्याच्या कानात घातले, त्याला गाण्यातलं फारसं कळत नाही, तोसुद्धा म्हणाला, "हे ते जुनेच आहेत?"

गाडीतला फायदा त्याहून मोठा आहे असं मला आता वाटतं. पूर्वी गाडीत आवाज नव्वद टक्क्यांवर ठेवायचे, कारण चाकांची घरघर सगळी खालच्या सुरातली आणि ती नेमकी खर्जावरच बसते. आता पन्नासच्या खालीच असतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकलं तर ठीक, पण ९० डेसिबलला फक्त ४ तास. दहा डेसिबलचा फरक आणि वेळ दहावा हिस्सा. टक्के आणि डेसिबल एक नव्हेत, पण एवढ्या मोठ्या आवाजात रोजचा तास, आठवड्याचे पाच-सहा तास, वर ऑफिसमधलं वेगळं, म्हणजे मी बहुतेक मर्यादेच्या पुढेच चालले होते बघा. गाणाऱ्या माणसाने कान असे खर्च करू नयेत हे मला मनापासून वाटतं. फक्त एक सांगते, फोम घातल्यावर बाहेरचं खरंच ऐकू येत नाही, ठाण्याला प्लॅटफॉर्मवर उतरायच्या आधी आणि रस्ता ओलांडताना मी एक काढते म्हणजे काढतेच.

आता ह्या टिप्सचे दोष. एक तर वरचे सूर थोडे बोथट होतात, फोम ते शोषून घेतो. तानपुऱ्याची जवारी, तो जो झिणझिणीत झंकार असतो ना, तो थोडा मऊ झाला. खर्ज मिळाला आणि जवारीचा थोडा भाग गेला, असा सौदा आहे. टिप नोझलवर पूर्ण आतपर्यंत चढवली की नोझलचं तोंड टिपच्या तोंडाजवळ येतं आणि जवारी बरीचशी परत येते, अर्धवट चढवली तर फोम पुढे दबून रस्ताच अरुंद करतो. तरीही घरी शांततेत ऐकायचं असेल तर मी आता रुंद तोंडाच्या सिलिकॉन टिप्स वापरते, एक्स्ट्रा स्मॉल, त्याच दुकानातनं घेतल्या, दीडशेला दोन जोड्या. त्यात जवारी पूर्ण येते, सील फोमइतकं घट्ट नाही पण घरात चालतं. गाडीत फोम, घरी सिलिकॉन, असं माझं बसलंय.

दुसरा दोष, टिकत नाहीत. दीड-दोन महिन्यांत फोम परत फुगायचा मंदावतो, वर कडक कवच आल्यासारखं होतं. पावसाळ्यात घाम आणि दमट हवा ह्यांनी अजून लवकर. धुवायच्या भानगडीत पडू नका, स्पिरिटने तर पुसूच नका, फोम खराब होतो, ओल्या फडक्याने पुसून वाळवायच्या. सिलिकॉन मात्र साबणाच्या कोमट पाण्यात बिनधास्त धुता येतात. आणि तिसरं, कान गच्च बंद झाल्यामुळे स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, चालताना पावलं ऐकू येतात, खाताना तर विचारूच नका. त्यामुळे हे घालून गायचं नाही. मी एकदा घालून रियाज केला तर माझाच आवाज मला एवढा भारदस्त वाटला की सूर कुठे लागतोय तेच कळेना. बाईंनी ऐकलं आणि स्पष्ट सांगितलं, "ऐकायला घाल, गायला नाही. गाताना तानपुरा समोर ठेव." तेव्हापासनं रियाजाला छोटा स्पीकर.

बाकी जे जे करून बघितलं ते पण सांगून टाकते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. स्पॉटिफायमध्ये आवाजाची क्वालिटी ऑटोमॅटिकवर असते, तुमच्या प्रीमियम प्लॅनमध्ये मिळत असेल तर ती व्हेरी हायवर न्या, ३२० केबीपीएस (सेकंदाला किती डेटा त्याचं माप), तासाला साधारण १४४ एमबी डेटा जातो, वायफाय आणि मोबाइल डेटाचं सेटिंग वेगवेगळं आहे तर दोन्ही बघा. फरक पडतो, पण टिपच्या फरकापुढे फारच थोडा. फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचं कनेक्टर लागतं आणि तिथे एक फसगत आहे, काही स्वस्त कनेक्टरमध्ये आत चिपच नसते, ते मोजक्याच फोनवर चालतात आणि बाकीच्या फोनवर चिडीचूप. विकत घेताना आत डॅक, म्हणजे फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारी ती चिप, आहे का एवढं विचारा. अॅपलचं कनेक्टर आवाजाला चांगलं आहे पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज हळू येतो.

ब्लूटूथवाल्यांनी कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरनं आवाज दाबून पाठवायच्या पद्धतींच्या, नावांनी फार घाबरून जाऊ नये. सोनीचं एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत जातं हे खरं, पण आयफोनवर ते चालतच नाही, आणि टिप गळत असेल तर ते सगळे आकडे फटीतनं बाहेर. एक गोष्ट मात्र ऑफिसवाल्यांनी लक्षात ठेवा, लॅपटॉपवर मीटिंग चालू असताना बड्सचा माइक वापरला की अख्खा आवाज फोनवरच्या बोलण्यासारखा होतो, कारण माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याची वाट सोडून कॉलच्या वाटेने जातं. माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा, बड्समध्ये आवाज लगेच सुधारेल. आमच्या टीममध्ये चौघांना हे सांगितलं, चौघांनीही बड्स खराब झालेत असंच धरलं होतं.

इक्वलायझर आता मी वापरते, पण सील बसल्यावर. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं अॅप आहे, त्यात आपल्या इअरफोनचं मॉडेल निवडलं की तयार करेक्शन, म्हणजे त्या मॉडेलच्या आवाजातलं कमी-जास्त सारखं करणारं सेटिंग, लागतं. ते करेक्शन इअरफोन नीट सील करून केलेल्या मोजमापावर असतं, म्हणून टिप गळत असताना लावलं तर उपयोग शून्य. मी हेच उलट्या क्रमाने करत होते.

बाबांच्या बड्समधला डावा हळू झाला होता, ते म्हणाले, "बेटा, हे गेलं आता, नवं बघ." टिप काढून उजेडात धरलं तर नोझलच्या जाळीवर मळ बसला होता. जाळी खालच्या बाजूला धरून मऊ कोरड्या ब्रशने हलकं झाडलं, म्हणजे मळ आत न पडता खाली पडतो. पिन अजिबात घालायची नाही, जाळी फाटते. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. आणि त्यांच्या कानात मिडियमऐवजी लार्ज बसली, ती डब्यातच पडून होती दोन वर्षं.

तर टिप्सना पाचपैकी चार, एक मार्क जवारीचा आणि टिकाऊपणाचा कापला. परवा दुसरं पाकीट आणायला गेले तर स्मॉल संपल्या होत्या. त्या मुलाने मिडियम पुढे केलीच नाही, उलट स्वतःच म्हणाला, "ताई, तुम्हाला नाही बसायची, शनिवारी या." शनिवारी क्लास सुटल्यावर जाणार आहे, आणि ह्या वेळी बाबांचे बड्सही पर्समध्ये घेऊन.